बायोइन्फर्मॅटिक्स कोणत्या क्रमाने शिकावे: बायोइंजिनिअरिंगच्या पदवी विद्यार्थ्यांसाठी मार्गदर्शक

बायोइंजिनिअरिंगच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातला विद्यार्थी बायोइन्फर्मॅटिक्सकडे, म्हणजे जैविक डेटाच्या संगणकीय विश्लेषणाकडे वळतो, तेव्हा त्याचे गणित बरे असते, थोडेफार प्रोग्रॅमिंग झालेले असते आणि जीवशास्त्राचे दोन-तीन विषयही उत्तीर्ण झालेले असतात. तरीही वर्षभराने पाहावे, तर अनेकांच्या हाती चार अर्धवट सोडलेले ऑनलाइन कोर्स आणि दुसऱ्याने लिहिलेली, आतून न समजलेली एखादी पाइपलाइन (एकामागून एक चालणाऱ्या साधनांची साखळी) एवढेच असते. यात बुद्धी कमी पडलेली नसते. शिकण्याचा क्रम चुकलेला असतो. कोणी पहिल्याच आठवड्यात मानवी जिनोम उतरवून बसतो, कोणी सांख्यिकी न शिकता मशीन लर्निंगला हात घालतो, तर कोणी साधने शिकतो पण फाइलमध्ये काय लिहिलेले आहे हे कधी उघडून पाहत नाही.

या विषयाची एक मूलभूत अडचण सुरुवातीलाच समजून घ्यावी. सर्किट चुकीचे जोडले तर बहुधा ते चालत नाही आणि चूक लगेच लक्षात येते. इथे मात्र चुकीच्या इनपुटवरही प्रोग्रॅम शेवटपर्यंत चालतो, तक्ता भरून देतो, आलेख काढून देतो, आणि उत्तर चुकलेले असते. म्हणून पुढच्या प्रत्येक टप्प्यात एकच शिस्त पाळायची आहे: कोणतीही नवी पायरी आधी उत्तर ठाऊक असलेल्या डेटावर करून पाहायची, ते उत्तर जुळले की मगच उत्तर ठाऊक नसलेल्या डेटाकडे जायचे.

आठवड्याला सहा-सात तास नियमाने दिले, तर हे सगळे टप्पे साधारण दोन सेमिस्टरमध्ये होतात. त्यांतला सर्वांत जास्त वेळ चौथ्या आणि सातव्या टप्प्याला द्यावा, कारण विद्यार्थी सर्वांत कमी वेळ नेमका याच दोघांना देतात.

## टप्पा १: लहान जिनोम निवडा

सरावासाठी फाय-एक्स १७४ या जिवाणूभक्षी विषाणूपासून सुरुवात करावी. त्याचा संपूर्ण जिनोम ५,३८६ बेसचा आहे, म्हणजे तो छापील पानांवरही मावतो आणि डोळ्यांनी वाचता येतो. त्यानंतर २९,९०३ बेसचा सार्स-कोव्ह-२ चा संदर्भ जिनोम, मग ४६,४१,६५२ बेसचा ई. कोलाय के-१२ एमजी१६५५, त्यानंतर सोळा गुणसूत्रांचे यीस्ट, आणि सर्वांत शेवटी सुमारे ३१० कोटी बेसचा मानवी जिनोम, अशी चढती पायरी ठेवावी.

यामागचे कारण व्यावहारिक आहे. लहान जिनोमवर कमांड काही सेकंदांत संपते, त्यामुळे एकच गोष्ट दहा वेळा चुकून दहा वेळा दुरुस्त करता येते. मानवी जिनोमवर तीच कमांड लॅपटॉपवर काही तास घेते, विद्यार्थी एकदाच चालवतो, आणि जे काही बाहेर येते त्यावर विश्वास ठेवतो.

याच वेळी एक जैविक प्रश्न वहीत एका वाक्यात लिहून ठेवावा. 'आरएनए-सेक शिकणे' (म्हणजे आरएनएचे सिक्वेन्सिंग करून जनुके किती व्यक्त होतात हे मोजणे शिकणे) हा प्रश्न नव्हे. 'अमुक औषध दिल्यावर या पेशींतली कोणती जनुके जास्त व्यक्त होतात' हा प्रश्न आहे. प्रश्न नसेल, तर कुठे थांबायचे हे कधीच कळत नाही.

## टप्पा २: संगणकाची मांडणी

विंडोज असल्यास त्यावर डब्ल्यूएसएल (विंडोजमध्येच लिनक्स चालवण्याची सोय) बसवून उबुंटू हे लिनक्स घ्यावे. डेटा मात्र लिनक्सच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये ठेवावा, विंडोजच्या ड्राइव्हवर नव्हे; तिथून वाचताना मोठ्या फाइलींचे काम फार मंदावते. मॅक असल्यास टर्मिनल तयारच असते, मात्र नव्या प्रोसेसरसाठी काही जुनी साधने मिळत नाहीत, हे आधीच तपासून घ्यावे.

साधने कोंडा या साधने बसवणाऱ्या प्रोग्रॅममार्फत बसवावीत, आणि प्रत्येक प्रकल्पासाठी स्वतंत्र एन्व्हायर्न्मेंट (साधनांचा वेगळा संच) तयार करावे. सगळी साधने कोंडाच्या मूळ 'बेस' एन्व्हायर्न्मेंटमध्ये कोंबणे ही नवख्यांची सर्वांत महागात पडणारी सवय आहे, कारण काही महिन्यांनी एक साधन अद्ययावत करायला जावे तर दुसरी तीन मोडतात आणि नेमके काय बिघडले हे सांगता येत नाही. साधने जिथून उतरतात त्या चॅनेलच्या यादीत कोंडा-फोर्ज वर आणि बायोकोंडा त्याखाली, असा क्रम ठेवावा.

प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये मूळ डेटा, कोड, निकाल आणि नोंदी असे चार भाग पहिल्या दिवशीच करावेत. मूळ डेटाच्या फाइलींची लिहिण्याची परवानगी काढून त्या फक्त वाचता येतील अशा ठेवाव्यात.

सावधान: फाइल किंवा फोल्डरच्या नावात मोकळी जागा, कंस किंवा देवनागरी अक्षरे ठेवू नयेत. अनेक साधने अशा नावांवर अडखळतात आणि त्रुटीचा संदेश नावाबद्दल काहीच सांगत नाही.

## टप्पा ३: कमांड लाइन

शेकडो कमांड पाठ करण्याची गरज नाही. फोल्डरमध्ये फिरणे, फाइलचा वरचा भाग पाहणे, ओळी मोजणे, शोधणे, स्तंभ कापून घेणे, क्रम लावणे आणि एकाचे आउटपुट दुसऱ्याला जोडणे, एवढे हातात बसले की रोजचे काम होते. मोठी फाइल टेक्स्ट एडिटरमध्ये उघडू नये. लेस कमांडने पाहावी.

दोन चुका मात्र वारंवार होतात. पहिली म्हणजे युनिक कमांड. ती फक्त लागोपाठ आलेल्या सारख्या ओळीच एकत्र करते, त्यामुळे आधी सॉर्ट न करता वापरली तर मोजणी चुकते. दुसरी चूक अधिक गंभीर आहे. डीएनए किंवा प्रथिनांच्या सिक्वेन्स (अक्षरांचा क्रम) साठवणाऱ्या फास्टा फाइलमध्ये प्रत्येक सिक्वेन्सच्या शीर्षकाची ओळ > या चिन्हाने सुरू होते, म्हणून सिक्वेन्स किती आहेत हे मोजायला ग्रेप कमांडने ते चिन्ह शोधतात. हे चिन्ह अवतरण चिन्हांत घातले नाही, तर शेल त्याचा अर्थ 'आउटपुट या फाइलमध्ये लिही' असा घेते आणि कमांड सुरू होण्याआधीच ती फाइल रिकामी करते. विद्यार्थिदशेत माझ्या हातून हेच झाले. रात्रभर उतरवलेली फाइल क्षणात शून्य बाइटची झाली. स्क्रीनवर फक्त ग्रेप कसे वापरावे हे सांगणारा संदेश आला, म्हणून टाइप करताना काही राहिले असे समजून मी वरचा बाण दाबून तीच कमांड पुन्हा चालवली. फाइल गेल्याचे मला तासाभराने कळले. मूळ फाइल फक्त वाचता येईल अशी ठेवलेली असती, तर शेलने तिथेच नकार दिला असता.

तपासणी: फाइल उतरवल्यावर संकेतस्थळाने दिलेला एमडी५ आकडा (फाइलच्या मजकुरावरून काढलेली तिची ओळखखूण) आणि आपल्या प्रतीचा आकडा जुळवून पाहावा. अर्धवट उतरलेली फाइलही कित्येकदा विनातक्रार उघडते.

## टप्पा ४: फाइलींचे प्रकार

या टप्प्यावर तीन-चार आठवडे घालवले तरी चालतील. पुढे होणाऱ्या निम्म्या चुकांचे मूळ इथे असते.

फास्टक्यू. सिक्वेन्सिंग यंत्राने वाचलेला एकेक तुकडा म्हणजे रीड. प्रत्येक रीडसाठी चार ओळी असतात: @ ने सुरू होणारे नाव, सिक्वेन्स, + ची ओळ आणि गुणवत्तेची चिन्हे. रीड मोजण्यासाठी अनेक जण @ ने सुरू होणाऱ्या ओळी मोजतात, आणि आकडा थोडा जास्त येतो. कारण असे, की गुणवत्तेचे प्रत्येक चिन्ह म्हणजे त्याच्या आस्की आकड्यातून (संगणकात त्या चिन्हासाठी ठरलेल्या क्रमांकातून) ३३ वजा केलेला गुण. @ चा आस्की आकडा ६४, म्हणजे @ हे चिन्ह स्वतःच ३१ हा गुण दाखवते, आणि एखाद्या रीडच्या गुणवत्तेची ओळ त्यानेच सुरू होऊ शकते. बरोबर रीत म्हणजे एकूण ओळी मोजून चारने भागणे. गुणांचा अर्थही इथेच पक्का करावा: २० म्हणजे शंभरात एक चूक अपेक्षित, ३० म्हणजे हजारात एक.

जीएफएफ आणि बेड. जनुक जिनोमवर कुठे आहे, हे दोन्ही सांगतात, पण मोजण्याची रीत वेगळी आहे. जीएफएफमध्ये मोजणी १ पासून होते आणि दोन्ही टोके धरली जातात. बेडमध्ये मोजणी ० पासून होते आणि शेवटचे टोक धरले जात नाही. हे वाचून सगळ्यांना समजते आणि करताना बहुतेकांचे चुकते, म्हणून एक उदाहरण हाताने सोडवावे.

ई. कोलायच्या वर सांगितलेल्या जिनोममध्ये अगदी सुरुवातीला टीएचआर-एल नावाचे छोटे जनुक आहे. जीएफएफमध्ये त्याची जागा १९० ते २५५ अशी आहे. लांबी २५५ वजा १९० अधिक १, म्हणजे ६६ बेस. ६६ म्हणजे बरोबर २२ कोडॉन, त्यांतला शेवटचा थांबा-कोडॉन, म्हणून प्रथिन २१ अमिनो आम्लांचे. बेडमध्ये हीच जागा १८९ ते २५५ अशी लिहावी लागते. आता जीएफएफचे आकडे जसेच्या तसे बेडमध्ये टाकले, तर काय होते ते पाहा. सिक्वेन्स एटीजी-एएए-सीजीसी अशी सुरू व्हायला हवी होती. पहिला बेस सुटल्यामुळे ती टीजीए-एएसी अशी सुरू होते. टीजीए हा थांबा-कोडॉन आहे. म्हणजे एका बेसच्या चुकीने प्रथिन सुरू होण्याआधीच संपले, लांबी ६५ झाली आणि ती तीनने भागलीही जात नाही. आणि ही सिक्वेन्स कापून देणाऱ्या साधनाने एकही तक्रार केली नाही.

तपासणी: कोणत्याही जनुकांची यादी हाताळताना निवडक पाच प्रथिन-जनुकांची सिक्वेन्स काढून तीन गोष्टी पाहाव्यात: लांबी तीनने भागली जाते का, सुरुवात आरंभ-कोडॉनने होते का, शेवट थांबा-कोडॉनने होतो का. ई. कोलायमध्ये काही जनुके जीटीजीने किंवा टीटीजीनेही सुरू होतात, हे लक्षात असू द्यावे. त्या पाचांत उलट्या पट्टीवरची दोन जनुके मुद्दाम घ्यावीत. यीस्ट किंवा मानवासारख्या इंट्रॉन असलेल्या जिनोममध्ये हीच तपासणी एक्सॉनचे कोडिंग भाग जोडून करावी लागते.

संदर्भ जिनोमची आवृत्ती. मानवी जिनोमच्या २००९ च्या जीआरसीएच३७ आणि २०१३ च्या जीआरसीएच३८ या दोन्ही आवृत्त्या अजून वापरात आहेत, आणि एकाच जनुकाची जागा दोन्हींत वेगवेगळी असते. त्यातच एका ठिकाणच्या फाइलीत पहिल्या गुणसूत्राचे नाव 'सीएचआर१' असते, तर दुसऱ्या ठिकाणच्या फाइलीत नुसते '१'. नावे जुळली नाहीत, तर साधन बऱ्याचदा 'काहीही सापडले नाही' असे रिकामे उत्तर देते, आणि विद्यार्थी ते जैविक निष्कर्ष समजून अहवालात लिहितो. जिनोम आणि जनुकांची यादी एकाच ठिकाणाहून, एकाच आवृत्तीची घ्यावी.

सॅम आणि बॅम (रीड जिनोमवर कुठे बसले हे सांगणाऱ्या) फाइली सॅमटूल्सने, तर व्हीसीएफ (संदर्भ जिनोमपासूनचे फरक नोंदवणारी) फाइल बीसीएफटूल्सने याच टप्प्यात उघडून प्रत्येकीच्या पहिल्या वीस ओळी वाचाव्यात. बॅम फाइल जागेनुसार क्रम लावून इंडेक्स केल्याशिवाय बरीचशी साधने तिला हात लावत नाहीत, एवढे तूर्त पुरे.

## टप्पा ५: एकच भाषा, पण नीट

पायथनपासून सुरुवात करावी. आर ही भाषा आठव्या टप्प्यात गरजेपुरती आपोआप येते. दोन्ही एकदम सुरू केल्या की दोन्ही अर्धवट राहतात. मॅटलॅब येत असेल त्यांनी एवढेच जपावे, की तिथे मोजणी १ पासून होते आणि पायथनमध्ये ० पासून.

पहिला सराव म्हणून डीएनएची उलटी पूरक पट्टी काढणारे फंक्शन स्वतः लिहावे. जवळजवळ प्रत्येक नवखा ते असे लिहितो: आधी सगळे ए बदलून टी करा, मग सगळे टी बदलून ए करा. आता एएसीटी ही पट्टी घ्या. पहिल्या बदलानंतर ती टीटीसीटी होते, आणि दुसऱ्या बदलानंतर एएसीए. मुळातले आणि नव्याने आलेले टी एकमेकांत मिसळले. चारही बदल एकाच फेरीत व्हायला हवेत. मग पूरक पट्टी टीटीजीए आणि ती उलटी केल्यावर एजीटीटी असे बरोबर उत्तर येते.

दुसरा सराव फाय-एक्स १७४ च्या ए या जनुकाचा. हा जिनोम वर्तुळाकार आहे, आणि हे जनुक ३९८१ व्या बेसवर सुरू होऊन ५३८६ पर्यंत जाते आणि पुन्हा पहिल्या बेसपासून १३६ पर्यंत चालू राहते. 'सुरुवातीचा आकडा शेवटच्या आकड्यापेक्षा लहान असतो' असे गृहीत धरलेला कोड इथे मोडतो. दोन तुकडे जोडल्यावर लांबी १,५४२ बेस आणि प्रथिन ५१३ अमिनो आम्लांचे आले, तर कोड बरोबर आहे.

हे सगळे एकदा स्वतः लिहिल्यावर बायोपायथन हे तयार पॅकेज वापरावे. रोझॅलिंड या संकेतस्थळावरची पहिली वीसेक कोडी या टप्प्यात सोडवणे उपयोगी आहे, कारण तिथे उत्तर बरोबर की चूक हे लगेच कळते. एआय सहायकाकडून कोड लिहून घेण्याला माझा विरोध नाही. मात्र त्या कोडला वरच्यासारखी दोन-तीन ठाऊक उत्तरांची परीक्षा पास करायला लावल्याशिवाय तो प्रकल्पात घेऊ नये.

## टप्पा ६: डेटाबेस आणि ब्लास्ट

एनसीबीआय, एन्सेम्बल, युनिप्रॉट आणि पीडीबी या चार ठिकाणांवरून एकाच जनुकाची माहिती शोधून एका पानावर मांडावी. त्यातून कोणती माहिती कुठे असते हे कळते. सिक्वेन्सचा डेटाबेसमधला क्रमांक लिहिताना टिंबानंतरचा आवृत्तीचा आकडाही लिहावा. तो सोडला, तर पुढे नेमकी कोणती सिक्वेन्स वापरली हे सांगता येत नाही.

ब्लास्ट या डेटाबेसमधून सारख्या सिक्वेन्स शोधणाऱ्या साधनात सर्वाधिक गैरसमज ई-व्हॅल्यूबद्दल असतो. एवढा किंवा याहून चांगला गुण निव्वळ योगायोगाने किती वेळा मिळण्याची अपेक्षा आहे, हे ती सांगते. ती संभाव्यता नाही, म्हणून ती एकपेक्षा मोठीही असू शकते. शिवाय ती डेटाबेसच्या आकाराबरोबर वाढते: डेटाबेस दहापट झाला, तर त्याच जुळणीची ई-व्हॅल्यूही साधारण दहापट होते. म्हणून दोन वेगवेगळ्या डेटाबेसमधल्या ई-व्हॅल्यू शेजारी ठेवून तुलना करू नये.

सावधान: शंभर टक्के साम्य दिसले की आनंद मानण्याआधी, ते साम्य किती लांबीवर आहे हे पाहावे. ४०० अमिनो आम्लांच्या प्रथिनातल्या ३० अमिनो आम्लांवरचे पूर्ण साम्य वेगळीच गोष्ट सांगते. दूरचे नाते शोधायचे असेल, तर डीएनएऐवजी प्रथिनाच्या सिक्वेन्सने शोधावे.

## टप्पा ७: सांख्यिकी, आधीच

अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमात संभाव्यता असते, पण एकाच वेळी हजारो चाचण्या करण्याचा प्रसंग तिथे बहुधा येत नाही. इथे तो रोज येतो. मानवात प्रथिन बनवणारी जनुके साधारण २०,००० आहेत. प्रत्येकावर एक चाचणी केली आणि पी-व्हॅल्यूची (खरा फरक नसताना एवढा किंवा याहून मोठा फरक योगायोगाने दिसण्याची संभाव्यता) ०.०५ ही मर्यादा ठेवली, तर औषधाचा काहीही परिणाम नसतानाही सुमारे १,००० जनुके 'लक्षणीय' ठरतील.

हे वाचून पटत नाही, करून पटते. त्यासाठी पुढचा प्रयोग क्रमाने करावा.

१. संगणकाकडून २०,००० ओळी आणि ६ स्तंभांचा यादृच्छिक आकड्यांचा तक्ता करून घ्यावा. आकडे एकाच सामान्य वितरणातून घ्यावेत, म्हणजे खरा फरक कुठेच नसेल.

२. पहिले तीन स्तंभ 'औषध' आणि पुढचे तीन 'नियंत्रण' समजून प्रत्येक ओळीवर टी-चाचणी करावी.

३. ०.०५ पेक्षा लहान पी-व्हॅल्यू किती ते मोजावे, आणि सर्व पी-व्हॅल्यूंचा हिस्टोग्राम काढावा. आकडा हजाराच्या आसपास येईल आणि हिस्टोग्राम सपाट दिसेल.

४. आता एकाच वेळी केलेल्या अनेक चाचण्यांसाठीच्या बेंजामिनी-हॉकबर्ग पद्धतीने पी-व्हॅल्यू सुधारून पुन्हा मोजावे. बहुतेक वेळा एकही ओळ उरत नाही.

५. शेवटी ५०० ओळींत औषधाच्या स्तंभांना मुद्दाम मोठा आकडा मिळवून तीच कृती पुन्हा करावी. हिस्टोग्रामच्या डाव्या टोकाला उभा राहणारा उंचवटा नीट पाहून ठेवावा. खऱ्या डेटात तोच शोधायचा असतो.

एका दुपारचे हे काम आहे, आणि ते केलेला विद्यार्थी पुढे कच्च्या पी-व्हॅल्यूवर निष्कर्ष काढत नाही.

प्रयोगाची मांडणीही याच टप्प्यात शिकावी. एकाच नमुन्याचे तीन वेळा सिक्वेन्सिंग केले, तर ते तीन जैविक नमुने होत नाहीत. त्यातून फक्त यंत्राचा फरक कळतो. तसेच सगळे नियंत्रण नमुने सोमवारी आणि सगळे औषधाचे नमुने गुरुवारी तयार केले, तर दिसणारा फरक औषधाचा की दिवसाचा, हे कोणतेही सॉफ्टवेअर नंतर सांगू शकत नाही. आलेला डेटा हातात घेण्याआधी नमुन्यांचा तक्ता मागून हे तपासावे.

## टप्पा ८: पहिले संपूर्ण विश्लेषण

पहिले विश्लेषण आरएनए-सेकचे करावे. त्याच्या बहुतेक मार्गदर्शिका फास्टक्यूपासून सुरुवात करतात. मी उलटा क्रम सुचवतो: आधी प्रत्येक जनुकाचे किती रीड मिळाले याच्या तयार मोजणीच्या तक्त्यापासून निष्कर्षापर्यंत जावे आणि नंतर मागे येऊन तो तक्ता कसा तयार होतो हे शिकावे. त्यामुळे अलाइनमेंट (रीड जिनोमवर कुठे बसतात हे शोधणे) करताना आपण ती कशासाठी करतो हे ठाऊक असते.

यासाठी बायोकंडक्टर या आरच्या पॅकेजसंग्रहातला एअरवे हा डेटा उत्तम आहे. मानवी श्वासमार्गाच्या स्नायुपेशींच्या चार पेशीवंशांना डेक्सामेथासोन हे ग्लुकोकॉर्टिकॉइड औषध दिलेले आणि न दिलेले, असे त्यात आठ नमुने आहेत.

८.१ नमुन्यांचा तक्ता आणि मोजणीचा तक्ता जुळवा. एकातल्या ओळींचा आणि दुसऱ्यातल्या स्तंभांचा क्रम तोच आहे का, हे कोडने तपासावे, नजरेने नव्हे.

८.२ पीसीए (नमुने एकमेकांपासून किती वेगळे हे दाखवणारा आलेख) काढा. चाचणीआधी पीसीए पाहावे. औषधामुळे आणि पेशीवंशामुळे नमुने वेगळे होताना दिसतात का? एखादा नमुना भलत्याच गटात बसला असेल, तर लेबलची अदलाबदल झाली असण्याची शंका घ्यावी.

८.३ मॉडेल लिहा. डेसेक२ या गटांतला जनुकांच्या व्यक्त होण्याचा फरक तपासणाऱ्या पॅकेजच्या सूत्रात आधी पेशीवंश आणि शेवटी औषध लिहावे. पेशीवंश वगळून एकदा चालवून पाहावे आणि लक्षणीय जनुकांची संख्या ताडावी. चार वंशांतला आपसातला फरक गोंगाटात मिसळला की काय होते, हे त्यातून दिसते. डेसेक२ ला कच्ची मोजणीच द्यावी. टीपीएम किंवा एफपीकेएम (आधीच प्रमाणित केलेले आकडे) दिले, तर त्यामागचे सांख्यिकी गृहीतकच लागू राहत नाही.

८.४ तुलनेची दिशा तपासा. आर ही भाषा गटांची नावे इंग्रजी वर्णक्रमाने लावते आणि पहिल्याला संदर्भगट मानते. या डेटात औषध दिलेल्या गटाचे नाव 'टी' ने आणि न दिलेल्याचे 'यू' ने सुरू होते. म्हणजे आपण काही सांगितले नाही, तर औषधाचा गटच संदर्भ ठरतो आणि सगळी चिन्हे उलटी येतात. वाढलेली जनुके कमी झालेली दिसतात, आणि ज्वालामुखी आलेख (बदलाचे प्रमाण आणि पी-व्हॅल्यू एकत्र दाखवणारा) तरीही तितकाच सुंदर दिसतो.

तपासणी: एफकेबीपी५ आणि पीईआर१ ही जनुके ग्लुकोकॉर्टिकॉइडने वाढतात, हे आधीपासून ठाऊक आहे. ती आपल्या तक्त्यात धन चिन्हाने आली पाहिजेत. ऋण आली, तर संदर्भगट बदलून पुन्हा चालवावे. प्रत्येक नव्या प्रकल्पात अशी दोन-तीन 'ओळखीची' जनुके शोधून आधीच वहीत लिहून ठेवावीत.

८.५ आता मागे जा. एक-दोन नमुन्यांच्या फास्टक्यू फाइली घेऊन फास्टक्यूसीने गुणवत्तेची तपासणी, मोजणी, सगळे करावे. मोजणीसाठी लॅपटॉपवर सॅमन किंवा कॅलिस्टो वापरावे. स्टार या अलाइनरला मानवी जिनोमसाठी सुमारे ३० जीबी रॅम लागते. फास्टक्यूसीची लाल खूण दिसली की लगेच रीड कापायला घेऊ नये. आरएनए-सेकमध्ये पहिल्या दहा-बारा बेसचे प्रमाण वाकडेतिकडे दिसणे हा रँडम प्रायमरचा परिणाम असतो, आणि भरपूर व्यक्त होणाऱ्या जनुकांमुळे डुप्लिकेशनचा इशाराही येतो. ॲडॉप्टर (सिक्वेन्सिंगसाठी जोडलेले कृत्रिम तुकडे) उरले असतील, तर मात्र ते काढावेत. मोजणी अनपेक्षितपणे निम्म्यावर किंवा शून्याजवळ आली, तर लायब्ररीच्या पट्टीचे सेटिंग (रीड डीएनएच्या कोणत्या पट्टीचे धरायचे) आधी तपासावे.

सावधान: जनुकांची यादी एक्सेलमध्ये उघडून सेव्ह करू नये. मार्च१ आणि सेप्ट२ यांसारखी नावे एक्सेल तारखा समजून बदलत असे. हा त्रास इतका झाला, की २०२० मध्ये मानवी जनुकांची नावे ठरवणाऱ्या समितीने ती मार्चएफ१ आणि सेप्टिन२ अशी बदलली. जुन्या याद्यांत जुनी नावे अजून आहेत.

## टप्पा ९: मशीन लर्निंग आणि पुढची शाखा

इथपर्यंत आल्यावर प्रथिनांची रचना, जिनोम असेंब्ली, सिंगल-सेल किंवा मशीन लर्निंग यांपैकी एकच शाखा निवडावी. मशीन लर्निंग घेणाऱ्यांसाठी एकच इशारा देतो, कारण बाहेर ती चूक सर्रास दिसते. प्रथिनांचा डेटा यादृच्छिक रीतीने प्रशिक्षण आणि चाचणी अशा दोन भागांत वाटला, की एकाच कुळातली जवळजवळ सारखी प्रथिने दोन्हीकडे येतात. मॉडेल मग नियम शिकत नाही, नातेवाईक ओळखते, आणि अचूकता फसवी वाढते. आधी साम्यानुसार गट करावेत, आणि प्रत्येक गट पूर्णपणे एकाच बाजूला ठेवावा.

## टप्पा १०: नोंदी आणि दुसऱ्याच्या संगणकावरची परीक्षा

कोड पहिल्या टप्प्यापासूनच गिट या आवृत्त्या जपणाऱ्या साधनात ठेवावा. मोठा डेटा त्यात टाकू नये, तो कुठून उतरवला आणि त्याचा एमडी५ आकडा काय, एवढे लिहावे. प्रत्येक साधनाची आवृत्ती, संदर्भ जिनोमची आवृत्ती आणि कमांड चालवल्याची तारीख रीडमी फाइलमध्ये असावी. एन्व्हायर्न्मेंटची यादी कोंडाकडून फाइलमध्ये काढून तीही जोडावी. स्नेकमेक किंवा नेक्स्टफ्लो हे पाइपलाइन आपोआप चालवणारे साधन, हाताने केलेले विश्लेषण दोनदा पूर्ण झाल्यावरच शिकावे.

प्राध्यापकांकडे प्रकल्प मागायला जाताना प्रमाणपत्रांची यादी नेण्याऐवजी ही एकच रेपॉझिटरी न्यावी, आणि त्याआधी ती वर्गातल्या एखाद्या मित्राला किंवा मैत्रिणीला द्यावी. त्यांनी आपल्याला काहीही न विचारता, फक्त रीडमी वाचून, स्वतःच्या संगणकावर एअरवेचे विश्लेषण पूर्ण करावे आणि लक्षणीय जनुकांची संख्या सांगावी. त्यांनी ज्या ज्या ठिकाणी आपल्याला फोन केला, ती प्रत्येक जागा रीडमीमध्ये राहून गेलेली ओळ आहे. ती त्याच दिवशी लिहावी. आणि त्यांची संख्या आपल्या संख्येशी जुळली नाही, तर कोड बदलण्याआधी दोन्हींकडच्या साधनांच्या आवृत्त्या शेजारी ठेवून पाहाव्यात.